घरशाळेचा रोजचा दिवस कसा बसवायचा: खान्देशातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी पायरी पायरीने

मुलांना घरी शिकवायचं असं ठरवलेल्या किंवा ठरवायच्या विचारात असलेल्या आया मला एकच प्रश्न सारखा विचारतात, की दिवसभर नेमकं करता काय, टाइमटेबल द्या ना. टाइमटेबल देऊन काही होत नाही हो. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल ते ठरलेलं नसतं, एप्रिल-मे मध्ये अकरा वाजेनंतर डोकं चालत नाही, कापूस वेचणीच्या दिवसात अर्धं गाव शेतात असतं, आणि पाहुणे तर न सांगता येतात. घड्याळावर बांधलेला दिवस इथे आठवडाभरात मोडतो आणि मग आई रडते की मला जमत नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे: क्रम पक्का ठेवा, घड्याळ सैल सोडा. आधी काय, मग काय, त्यानंतर काय, एवढं मुलांना पाठ असलं की सुरुवात सहाला झाली काय किंवा नऊला झाली काय, दिवस पूर्ण होतो.

आम्ही साक्री तालुक्यात राहतो, मुलं तीन, मोठा सातवीच्या वयाचा, मधली चौथीच्या, धाकटा आत्ता अक्षरं गिरवतोय. मुलांचे पप्पा नोकरीला जातात, घरात सासूबाई आहेत. मी बी.एड. नाही. खाली लिहिलंय ते याच घरातून लिहिलंय, तुमच्या घरात थोडं इकडेतिकडे होईलच.

पहिली पायरी: नवरा-बायकोने बसून एक पान लिहायचं

पुस्तकं आणायच्या आधी, शाळेतून नाव काढायच्या आधी, दोघांनी बसून एका पानावर लिहायचं की आपण हे का करतोय. त्यात शाळेच्या तक्रारी लिहायच्या नाहीत. अमुक शाळा वाईट, तमुक सर मारतात, ही कारणं सहा महिन्यात विरून जातात आणि मग हातात काही राहत नाही. आपल्याला काय हवंय ते लिहा. आमच्या पानावर साधं आहे, मुलांनी देवाच्या वचनात वाढावं, मातृभाषेत नीट वाचता-लिहिता यावं, हाताने काम करायची लाज वाटू नये, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ बसता यावं. पवित्र शास्त्रात अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी वचनाबद्दल बोला. आम्हाला दिवस कसा असावा ते तिथून सुचलं.

एक सांगते, जगाला घाबरून मुलं घरात ठेवत असाल तर थांबा. भीतीतून सुरू केलेली घरशाळा मुलांना भित्री करते. सासूसासऱ्यांना आणि पास्टरांनाही आधीच सांगा, नंतर कळलं तर दुखावतात, आणि पुढे अडीनडीला हीच माणसं लागतात. आमच्या सासूबाईंना सुरुवातीला पटलंच नव्हतं, आता त्याच आमच्या सगळ्यात मोठ्या शिक्षिका आहेत, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: कागदांची फाइल, ही अजिबात टाळायची नाही

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. घरशाळेचं नाव त्या कायद्यात नाही, तिला वेगळी परवानगी लिहिलेली नाही आणि पालकाला शिक्षाही लिहिलेली नाही. म्हणजे आपण उघडपणे, नीट, पुराव्यानिशी शिकवायचं. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेश आहे, म्हणजे उद्या काही झालं, आईची तब्येत बिघडली, बदली झाली, तर मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसू शकतं. हे माहीत असलं की आजी-आजोबांची अर्धी काळजी मिटते.

शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला शिक्षक दारावर येतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, ते त्यांचं काम करतायत. आत बोलवा, पाणी द्या, चहा ठेवा, वह्या दाखवा, मुलाला काहीतरी वाचून दाखवायला सांगा.

फाइलमध्ये हे ठेवा: जन्मदाखला, आधार, बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर तो, आधी शाळेत होता तर शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत, दर महिन्याच्या वह्यांमधली दोन-चार पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी. आणि आदिवासी कुटुंबांनी, म्हणजे आपल्या नवापूर, साक्री, अक्कलकुवा भागातल्या मावची, भिल्ल, पावरा, कोकणी मंडळींनी हे खास लक्षात घ्या. धर्म ख्रिस्ती असला तरी अनुसूचित जमातीचा हक्क जात नाही, पण पुढे जात पडताळणीला बापाचे, आजोबांचे जुने शाळेचे दाखले लागतात, आणि मूल शाळेतच गेलं नसेल तर त्याच्या स्वतःच्या नावाची नोंद नसते, म्हणून ते जुने कागद सोन्यासारखे जपा. दोन प्रती काढून एक नातेवाइकाकडे ठेवा.

आणखी एक, शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फतच भरली जाते, नवोदयच्या सहावीच्या प्रवेशालाही मूल पाचवीत मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावं लागतं. मुलाला नवोदयला पाठवायची इच्छा असेल तर हा हिशोब आधीच करा.

तिसरी पायरी: दिवसाचा क्रम

आमचा क्रम असा आहे. उठणं आणि घरकाम, उपासना, गणित, नाश्ता, भाषा, मोठ्याने वाचन आणि सांगणं, मग सुट्टी. दुपारी झोप किंवा शांत वेळ. चार नंतर हातकाम किंवा बाहेरचं काहीतरी. संध्याकाळी पप्पांचा तास. झोपताना प्रार्थना. बास एवढंच.

बसून करायचा अभ्यास धाकट्याचा पाऊण तास, मधलीचा दोन तास, मोठ्याचा तीन-साडेतीन तास. कोणी म्हणतं एवढ्याने काय होणार, पण शाळेत पन्नास मुलांना सांभाळण्यात जो वेळ जातो तो इथे जात नाही, एका मुलासमोर आई बसली की वीस मिनिटात जे होतं ते होतं. धडे छोटे ठेवा. लहान मुलाचा एक धडा दहा-पंधरा मिनिटं, मोठ्याचा अर्धा तास, आणि लक्ष असतानाच थांबवा, कंटाळा येईपर्यंत ताणू नका.

गणित नाश्त्याच्या आधी का, तर तेव्हा डोकं ताजं असतं आणि हवा गार असते. मार्च लागला की आम्ही सगळा क्रम उचलून पहाटेकडे नेतो, साडेपाचला उठून उपासना ओट्यावर, दहा वाजेपर्यंत अभ्यास संपलेला. जळगाव-भुसावळकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे दुपारी पत्र्याच्या घरात मुलाला भागाकार शिकवायचा म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पावसाळ्यात उलट, सकाळ अंधारलेली असते, लाइट जाते, तेव्हा आधी घरकाम उरकून अभ्यास उशिरा. क्रम तोच राहतो. पाणी आलं की सगळे उठून हंडे भरतात आणि परत जिथे होतो तिथून सुरू. मुलांना विचारावं लागत नाही की आता काय करू.

घरकामाला अभ्यासाच्या वाटेतला अडथळा समजू नका, तो क्रमाचाच भाग आहे. धाकटा लसूण सोलतो, चपला ओळीने लावतो. मधली झाडू आणि कपड्यांच्या घड्या. मोठा पाणी, गॅस सिलेंडरची नोंद, आणि आठवड्यातून दोनदा भाकरी. मुलगा आहे म्हणून सुटका नाही. कळण्याची भाकरी थापता येते त्याला, जाड होते पण फुगते.

चौथी पायरी: उपासना छोटी, रोज, आणि खरी

वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. एक गाणं, एक वाचन, थोडं बोलणं, प्रार्थना. गाणं आठवडाभर तेच ठेवा म्हणजे धाकट्यालाही पाठ होतं, महिन्याला चार गाणी, वर्षात केवढी होतात बघा. पेटी किंवा टाळ असला तर उत्तम, आमच्याकडे डफ आहे, मोठा वाजवतो.

वाचन कुठून सुरू करायचं असं विचारतात. मार्ककृत शुभवर्तमानापासून, सोळा अध्याय आहेत, गोष्ट पटपट पुढे जाते, रोज अर्धा अध्याय घेतला तर बत्तीस दिवसात होतं. मग उत्पत्ती, मग रूथ. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, तारखेप्रमाणे एक, मोठ्या मुलांनी ते स्वतःचं स्वतः वाचायचं. रूथ मात्र आपल्याकडे ज्वारी-बाजरीची कापणी चालू असताना वाचा. कापलेल्या शेतात मागे पडलेली कणसं वेचणाऱ्या बाया मुलांनी इथे डोळ्याने बघितलेल्या असतात, रूथ सरवा वेचायला गेली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मुलीने तेव्हा विचारलं होतं की आपल्या शेताच्या शेजारी वेचणाऱ्या मावशी कोणाच्या घरच्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव आमच्या प्रार्थनेत आलं. प्रार्थना अशी नावागावाची असावी, शेजारच्या काकांचं ऑपरेशन, मजुरी न मिळालेला कामगार, पाऊस. सगळ्या जगासाठी अशी गोल प्रार्थना लहान मुलाला धरता येत नाही.

वचनं पाठ करायला आठवड्याला एक पुरतं. जुन्या भाषांतरातलं वचन कठीण गेलं तर सोप्या भाषेतलं घ्या, पण स्तोत्र २३ आणि प्रभूची प्रार्थना जुन्या शब्दातच पाठ करून घ्या, कारण चर्चमध्ये आजीबरोबर तीच म्हणायची असते. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते, शिक्षा म्हणून वचन लिहायला लावू नका. भांडला म्हणून दहा वेळा लिही, असं केलं की मुलाच्या मनात वचन आणि शिक्षा एकत्र बसतात, ते पुढे सुटत नाही.

पाचवी पायरी: वाचायचं, पुस्तक मिटायचं, सांगायचं

सगळी पद्धत एका जागी सांगायची तर ती ही. शार्लट मेसन नावाच्या एक इंग्लिश शिक्षिका होऊन गेल्या, १८४२ ते १९२३, त्याही ख्रिस्ती, त्यांचा यावर फार भर होता: एकदाच लक्ष देऊन वाचायचं आणि मुलाने लगेच आपल्या शब्दात परत सांगायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही. आपल्याकडे हे परकं नाही, कीर्तन ऐकून आलेली आजी घरी येऊन सगळं सांगते ते हेच.

करायचं कसं ते सांगते. एक परिच्छेद किंवा एक पान वाचा, मोठ्यासाठी पूर्ण धडा. पुस्तक मिटा. सगळ्यात धाकट्याला आधी बोलू द्या, कारण मोठा आधी बोलला तर धाकटा त्याचंच म्हणतो. मध्ये दुरुस्त करू नका, सनावळी चुकली तरी गप्प बसा, संपल्यावर पुस्तक उघडून त्यालाच शोधायला लावा. पहिले पंधरा-वीस दिवस मुलं दोन वाक्य बोलून थांबतात, आठवत नाही म्हणतात, घाबरू नका, पान कमी करा आणि रोज चालू ठेवा. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाने आठवड्यातून दोनदा सांगण्याऐवजी लिहायचं. निबंध त्यातूनच तयार होतो, वेगळा शिकवायची गरज राहत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांना वाचता येत नाही, बोलतात अहिराणी. मुलांनी सकाळी मराठीत वाचलेलं दुपारी त्यांना अहिराणीत सांगायचं असा नियम आहे, आणि त्या मधे मधे विचारत राहतात, मंग काय व्हयनं? एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगायचं म्हणजे समजल्याशिवाय जमतच नाही, पाठांतर तिथे कामाला येत नाही. ज्या घरात मावची, पावरी, भिली बोलतात तिथेही हेच करा. घरची बोली गावंढळ आहे असं मुलांना वाटू देऊ नका. बहिणाबाई चौधरी, आसोद्याच्या, १८८० चा जन्म, शाळेत गेल्या नाहीत, त्यांनी जे रचलं ते घरच्या बोलीत आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे मुलांना जरूर सांगा.

शुद्धलेखनासाठी रोज पाच-सहा ओळी बघून लिहायच्या, सुंदर अक्षरात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळी ऐकून लिहायच्या. इंग्रजी आम्ही आठ वर्षांनंतर नीट घेतलं, त्याआधी फक्त ऐकणं बोलणं. यावर लोकांची मतं वेगळी आहेत, माझं मत हेच आहे की एका भाषेत वाचन पळायला लागल्यावर दुसरी भाषा लवकर येते.

सहावी पायरी: गणित पाटीवर आणि बाजारात

पुस्तक बालभारतीचंच घ्या, पीडीएफ फुकट मिळतात ई-बालभारतीवर, छापील पण स्वस्त आहे. धडा सोडायचा नाही आणि समजल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढे दोन नियम. मुलगा चौथीच्या वयाचा असून भागाकार तिसरीचाच चालू असेल तर चालू द्या, घरशाळेचा फायदा हाच आहे. पाढे रोज, चालता चालता, आणि तीसपर्यंत झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पण घ्या, आमच्या मोठ्याने आजोबांच्या मित्राकडून शिकली, बाजारात तो कॅल्क्युलेटर काढणाऱ्या माणसाच्या आधी उत्तर देतो.

उदाहरणं आपल्याकडची घाला. रावेर-सावदा भागात केळीचा भाव क्विंटलमागे ठरतो आणि हातगाडीवर केळी डझनाने विकतात, तर एका डझनाचं वजन करून शेतकऱ्याला किती मिळाले आणि गाडीवाल्याने किती घेतले ते काढायला सांगा, मधे गाडीभाडं, हमाली, पिकवायचा खर्च येतो तोही विचारायला लावा, नाहीतर मुलं लगेच गाडीवाल्याला लुटारू ठरवतात. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यावरून गुणाकार. उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतो तेव्हा एका खाटेवर किती बसतात, लहान केल्या तर किती, वर्तुळाचं क्षेत्रफळ तिथेच शिकवलं मी मोठ्याला, त्रिज्या निम्मी केली तर बिबडी पाव भागाची होते हे त्याला पीठ हातात घेऊन पटलं.

सातवी पायरी: इतिहास-भूगोल-विज्ञान पाय मोकळे करून

शनिवार आम्ही बाहेर ठेवतो, महिन्यातून एक शनिवार लांब. खान्देशात शिकायला एवढं आहे की पुस्तक मागे पडतं. थोडी ठिकाणं सांगते आणि तिथे काय करायचं तेही.

चाळीसगावजवळ पाटण, पाटणादेवीचं जंगल. गणिती भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला होता, त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. जाण्याआधी शून्य, ऋण संख्या यावर आठवडाभर गप्पा मारा, मग जा. चाळीसगावातच केकी मूस यांची कला बघता येते, फोटो आणि चित्रं, चित्रकलेचा तास तिथे करा, प्रत्येकाने एकच फोटो निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि घरी येऊन आठवून काढायचा.

नवापूरचं रेल्वे स्टेशन, निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातमध्ये. राज्याची सीमा म्हणजे काय ते नकाशात समजत नाही, तिथे प्लॅटफॉर्मवर चालून समजतं. जवळच चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, आपल्या मंडळींनी आजारी माणसांसाठी काय उभं केलं ते मुलांना माहीत असावं.

नंदुरबारला शिरीषकुमारचं स्मारक, ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा मुलगा गोळीला सामोरा गेला. माझा मोठा त्याच्या वयाच्या जवळ येतोय, तिथून आल्यावर तो दोन दिवस गप्प होता, मी काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः चार पानं लिहिली.

फैजपूर, १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, इतिहासाचार्य राजवाडे गेले ते धुळ्यातच, १९२६ च्या शेवटच्या दिवशी, आणि पुढच्याच वर्षी मंडळ निघालं. तिथे जुनी कागदपत्रं बघितली की मुलांना कळतं इतिहास कोणीतरी गोळा करून ठेवलेला असतो. तापीवर चांगदेव इथे पूर्णेचा संगम. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात, तापी पश्चिमेला, मुलताईपासून खंबातच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर. जमिनीवर खडूने नकाशा काढून तिच्या उपनद्या, गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, पाण्याने ओतून दाखवा.

मराठी ख्रिस्ती इतिहासही घ्या, पंडिता रमाबाई, १८५८ ते १९२२, केडगावला मुक्ती मिशन, पवित्र शास्त्राचं मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर. मुलींना रमाबाई खास वाचायला द्या.

विज्ञानाला निसर्गाची वही. आठवड्यातून एकदा एक पान, कडुलिंबाचा मोहोर, पळस फुललेला, पहिल्या पावसानंतरचे किडे, तारीख घालून चित्र. थर्मामीटर ओट्यावर टांगा, सकाळी सात आणि दुपारी अडीचला नोंद, वर्षाचा आलेख निघतो. उत्क्रांतीचा धडा आला तर काय करायचं असं बऱ्याच जणी हळू आवाजात विचारतात. धडा सोडू नका. पुस्तकात आहे ते पूर्ण, प्रामाणिकपणे शिकवा, परीक्षेत ते येणार आहे आणि शास्त्रज्ञ काय म्हणतात ते मुलाला नीट सांगता आलं पाहिजे. मग संध्याकाळी पप्पांबरोबर बसून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचा आणि प्रश्न मोकळे विचारू द्या. मोठं होऊन बाहेर ऐकल्यावर आईने लपवलं असं त्याला वाटायला नको.

आठवी पायरी: माणसांत राहायचं

घरशाळेच्या मुलांना मित्र नसतात हे बोलणं ऐकावंच लागेल, आणि काळजी नाही घेतली तर ते खरंही होतं. रविवारी संडे स्कूल आहे पण तेवढं पुरत नाही, कारण तिथे सगळे आपलेच. आम्ही संध्याकाळचे दोन तास गल्लीला देतो, शाळेतून आलेली सगळी मुलं आणि आमची एकत्र, क्रिकेट, लगोरी. मोठा आठवड्यातून दोन दिवस ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. मधली शेजारच्या वहिनींकडून शिवण शिकते.

शेजाऱ्यांचे सण मुलांना समजले पाहिजेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोका खेळतात, गाणी म्हणतात, पोळ्याला बैल दारात येतो, आम्ही पूजा करत नाही पण बैलाला पुरणपोळी घालायला आणि शेतकऱ्याचे आभार मानायला मुलं पुढे असतात. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं मुलांनी स्वतः गल्लीतल्या प्रत्येक घरी न्यायची, आणि कोणी विचारलं की नाताळ म्हणजे काय तर दोन वाक्यात, नम्रपणे सांगायचं. विचारलं नाही तर फक्त ताट द्यायचं.

नववी पायरी: पप्पांचा तास

वडील कमावतात म्हणून शिकवणं आईचं, असं करू नका, आई वर्षभरात थकते. आमच्याकडे रात्री जेवणानंतर पप्पा मोठ्याने वाचतात, गोष्टीचं पुस्तक, बालभारतीचं किशोर मासिक, कधी पेपर. आठवड्यातून एकदा ते सगळ्या वह्या बघतात आणि सही करतात, त्या सहीसाठी मुलं अक्षर सुधारतात. आणि शनिवारी दुपारी दोन तास आई मोकळी, हे ठरवून.

खर्चाचं थोडक्यात. पुस्तकं, वह्या, रंग, एक मोठा नकाशा, पृथ्वीचा गोल, फळा. मोबाइल एक, तोही आईच्या हातात, दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ कधीतरी. महागडे परदेशी अभ्यासक्रम विकत घेऊ नका, त्यातली झाडं, पक्षी, पैसे, काहीच आपलं नसतं.

दहावी पायरी: परीक्षा

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, यांची दहावी इतर बोर्डाइतकीच मान्य आहे, दहावीला वय १४ पूर्ण लागतं, बारावीला १५. मराठी माध्यम घेता येतं. पाच विषय पास व्हायचे, त्यात भाषा हवीच. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा प्रवेश घेतला की ५ वर्षांत ९ संधी मिळतात, म्हणून एका वेळी दोन-दोन विषय देता येतात. २० टक्के गुण घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. त्याआधीच्या टप्प्याला तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राज्य बोर्डाला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर १७ नंबर फॉर्म, त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मूल बारा वर्षांचं झालं की यातला कुठला रस्ता ते ठरवून टाका आणि त्याप्रमाणे विषय बांधा. सराव पेपर तेरावं वर्ष लागल्यापासून, घड्याळ लावून, टेबलावर एकटं बसून. दिवसभर घड्याळ सैल असतं ना, म्हणून तीन तासांच्या पेपरची सवय मुद्दाम लावावी लागते.

ज्या दिवशी काहीच होत नाही

ताप, पाहुणे, वेचणी, मयत. अशा दिवसांसाठी छोटा क्रम ठरवून ठेवा: एक स्तोत्र, एक पाढा, एक पान वाचून सांगणं. अर्धा तास. मोठं मूल हे धाकट्यांकडून करून घेऊ शकतं. आजारी माणसाजवळ बसणं, मयताच्या घरी भाकरी पोचवणं हाही त्या दिवसाचा धडाच, वहीत तसा लिहा.

नवीन सुरू करणाऱ्यांनी पहिल्या सोमवारी सगळं एकदम आणू नका. पहिला आठवडा फक्त घरकाम, उपासना आणि मोठ्याने वाचन. दुसऱ्या आठवड्यात गणित जोडा. तिसऱ्यात लिहिणं. शाळेतून नुकतं काढलेलं मूल असेल तर त्याला महिनाभर जास्तच द्या, खेळू द्या, बाजारात न्या, आजीजवळ बसू द्या, ते स्वतःहून पुस्तकाकडे येतं. इतिहास-भूगोलाला पहिल्या महिन्यात हातच लावू नका, शनिवारच्या फेऱ्या तेवढ्या चालू ठेवा.